श्रमाचा दाखला आणि स्मृतीची कसोटी

ज्या समाजांत कोणी कोणाला ओळखत नाहीं, त्या समाजांत मताधिकार कोणत्या मापानें वाटावा? राज्यशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न सहसा आढळत नाहीं. कारण राज्य म्हटलें कीं गांव आलें, मतदारांची यादी आली, आणि यादींत नांव घालण्यापूर्वीं मनुष्य प्रत्यक्ष आहे कीं नाहीं हें पाहणारा अधिकारीहि आला. परंतु संगणकांच्या जाळ्यावर वावरणाऱ्या समाजांत असा अधिकारी नसतो. तेथें एक मनुष्य हजार नांवें धारण करूं शकतो, व हजार माणसें एका नांवामागें दडूं शकतात. तेव्हां नांवें मोजून निर्णय करण्यांत अर्थ नाहीं. मग मोजावें तरी काय? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नास जें एक उत्तर देण्यांत आलें तें असें, कीं श्रम मोजावे. आणि मनुष्याचे श्रम दुरून मोजतां येत नसल्यामुळें त्याच्या यंत्राचे मोजावे. बिटकॉइनचा व त्याच्या पाठोपाठ निघालेल्या अनेक क्रिप्टोचलनांचा डोलारा याच उत्तरावर उभारलेला आहे.

या चलनांच्या भावांतील चढउतारांविषयीं वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें वाचून सुशिक्षित कुटुंबांत कधीं लोभ तर कधीं तिरस्कार उत्पन्न होतो. आम्हांस येथें भावाशीं कर्तव्य नाहीं. त्या चलनांच्या पोटांत समतेचा एक प्रयोग चालत आला आहे, त्याचा इतिहास सांगण्याचा आमचा हेतु आहे. धनवानाचें खास यंत्र आणि सामान्याचें घरगुती यंत्र यांतील अंतर केवळ गणिताच्या युक्तीनें मिटवितां येईल काय, असा तो प्रयोग होय. श्रमाचें कोडें असें रचावयाचें कीं तें सोडविण्यास नुसती गति पुरूं नये, संगणकाची स्मृति, म्हणजे व्यवहारांत जिला आपण मेमरी म्हणतों ती, मोठ्या प्रमाणावर खर्चीं पडावी, ही ती युक्ति. तिला इंग्रजी ग्रंथकार ‘मेमरी-हार्ड’ म्हणतात. आम्ही तिला स्मृतिभार म्हणूं.

या इतिहासाचा आरंभ पैशापासून नव्हे, टपालापासून होतो. १९९२ सालीं सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोन संशोधकांनीं नकोशा ई-मेलचा पूर कसा आवरावा या विषयावर एक निबंध क्रिप्टो परिषदेंत सादर केला. कागदी पत्रास तिकीट लावावें लागतें. त्यामुळें लाख पत्रें धाडणाऱ्यास लाख तिकिटांचा खर्च येतो व तो दोनदां विचार करतो. विजेच्या पत्रास तिकीट नाहीं. तेव्हां या लेखकद्वयानें सुचविलें कीं प्रत्येक पत्रासोबत एका लहानशा गणिती कोड्याचें उत्तर जोडण्याची सक्ति असावी. एका पत्रास यंत्राचे दहा सेकंद खर्चीं पडले तर सज्जनास त्याचें कांहींच वाटणार नाहीं. परंतु लाख पत्रें पाठवूं पाहणाऱ्याचें यंत्र साडेअकरा दिवस अडकून पडेल. यांत मर्म असें, कीं कोडें सोडविणें कठीण असावें, पण उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें पाहणें मात्र क्षणाचें काम असावें. पुढील सर्व इतिहासांत हें मर्म आपणांस पुनःपुन्हां भेटणार आहे.

१९९७ सालीं ॲडम बॅक यांनीं ‘हॅशकॅश’ नांवाची अशीच एक योजना पुढें मांडली. तिच्यांत ‘हॅश’ नामक गणितक्रियेचा उपयोग केलेला होता. कोणताहि मजकूर या क्रियेंतून काढला असतां ठराविक लांबीचा एक आंकडा बाहेर पडतो. मजकुरांत एक अक्षर बदललें तरी तो आंकडा ओळखूं येणार नाहीं इतका बदलतो. अमुक इतक्या शून्यांनीं आरंभ होणारा आंकडा हवा, अशी अट घातली म्हणजे तो मिळविण्यास अंदाज चालत नाहीं. पुन्हां पुन्हां फांसे टाकावे लागतात. १९९९ सालीं मार्कस याकोब्सन व ॲरी ज्युएल्स यांनीं अशा सर्व योजनांस ‘प्रूफ ऑफ वर्क’, म्हणजे श्रमाचा दाखला, असें नांव दिलें, व तेंच पुढें रूढ झालें.

परंतु या तिकिटांत एक व्यंग होतें. टपाल-कचेरींतील तिकिटाची किंमत रावास व रंकास सारखीच. येथें मात्र ज्याचें यंत्र नवें व वेगवान् त्यास तिकीट स्वस्त, आणि ज्याचें जुनें त्यास महाग. कोडें इतकें कठीण केलें कीं वेगवान् यंत्राच्या धन्यास तें जाचावें, तर जुन्या यंत्राच्या धन्यास पत्र पाठविणेंच अशक्य व्हावें! हें व्यंग ओळखून २००३ सालीं दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक मार्टिन अबाडी, माइक बरोज, मार्क मनासी व टेड वॉबर यांचा. दुसरा ड्वर्क, अँड्र्यू गोल्डबर्ग व नाओर यांचा. दोहोंचें सूत्र एकच होतें: श्रमाचा भार प्रोसेसरच्या गतीवरून काढून स्मृतीच्या गतीवर टाकावा.

असें कां, हें एका दृष्टान्तानें सांगतां येईल. एका कचेरींत एक कारकून आहे व लांबवर एक दप्तरखाना आहे. हिशेब तोंडचे तोंडीं करावयाचा असेल तर चपळ कारकून मंद कारकुनाच्या दसपट काम उरकील. पण प्रत्येक आंकड्यासाठीं दप्तरखान्यांत जाऊन कोठला तरी रुमाल सोडून पाहावा लागत असेल, आणि पुढें कोणता रुमाल पाहावयाचा हें आधींच्या कागदावरूनच कळत असेल, तर दोघांचाहि वेळ येरझारांत जाणार, आणि चपळाची चपळाई बव्हंशीं वायां जाणार. संगणकांत प्रोसेसर हा कारकून व मेमरी हा दप्तरखाना होय. प्रोसेसरांचा वेग वर्षानुवर्षें झपाट्यानें वाढत गेला. मेमरींतून एक आंकडा आणण्यास लागणारा वेळ त्या मानानें फारच थोडा घटला. विल्यम वुल्फ व सॅली मॅकी यांनीं १९९५ सालींच या वाढत्या दरीस ‘मेमरीची भिंत’ म्हटलें होतें. यंत्र बांधणाऱ्यांस जी भिंत अडथळा वाटत होती, तीच या निबंधकारांनीं समतेची भिंत म्हणून वापरावयाची ठरविली. टपालाच्या क्षेत्रांत ही कल्पना रुजली नाहीं. परंतु ती मेलीहि नाहीं.

३१ ऑक्टोबर २००८ रोजीं सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें एक नऊ पानी निबंध प्रसृत झाला, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं बिटकॉइनच्या खतावणीचें पहिलें पान लिहिलें गेलें. या खतावणीस मालक नाहीं, मुनीम नाहीं. तिचीं पानें, ज्यांस ‘ब्लॉक’ म्हणतात, जो कोणी श्रमाचा दाखला प्रथम सादर करील त्यानें लिहावीं, व त्याबद्दल नवीं नाणीं बक्षीस घ्यावीं, असा नियम. प्रारंभीं हें बक्षीस दर पानास ५० नाण्यांचें होतें. दर दहा मिनिटांस सुमारें एक पान व्हावें म्हणून कोड्याचा कठीणपणा दर २०१६ पानांनंतर आपोआप कमीजास्त होतो. या उद्योगास मायनिंग म्हणतात. नाकामोतोच्या मनांतील चित्र स्पष्ट होतें: एक प्रोसेसर, एक मत. घरोघरचे संगणक रात्रीं निजण्याऐवजीं थोडें काम करतील, आणि त्यांचें बहुमत हेंच खतावणीच्या सत्यतेचें प्रमाण होईल.

परंतु जें कोडें निवडलें तें एसएचए-२५६ या हॅशक्रियेचें. या क्रियेस मेमरी जवळजवळ लागतच नाहीं. तीच तीच आंकडेमोड अनंत वेळां करणें एवढेंच तिचें स्वरूप. आणि एकच काम अनंत वेळां करावयाचें असलें म्हणजे सर्वगुणी यंत्रापेक्षां एककल्ली यंत्र वरचढ ठरतें, हा कारखानदारीचा जुना नियम आहे. २०१० सालीं चित्रें रंगविण्याकरितां बनविलेल्या ग्राफिक्स कार्डांनीं साध्या प्रोसेसरांस मागें टाकलें. २०११ सालीं हवी तशी जुळणी करतां येणाऱ्या चिपा पुढें आल्या. आणि २०१३ च्या आरंभीं या एकाच कामाकरितां घडविलेलीं चिनी बनावटीचीं यंत्रें बाजारांत दाखल झालीं. घरगुती प्रोसेसर सेकंदास कांहीं दशलक्ष हॅश करी. या यंत्रांनीं सेकंदास साठ अब्जांहून अधिक केले. ‘एक प्रोसेसर, एक मत’ हें सूत्र चार वर्षांत इतिहासजमा झालें. मत आतां त्याचें, ज्याच्यापाशीं खास यंत्रांचें कोठार व स्वस्त वीज आहे.

या रोगावरील औषध वेगळ्याच दुकानांत आधींच तयार होतें. कॉलिन पर्सिव्हल हे ‘टारस्नॅप’ नांवाची, लोकांच्या फायली कुलूपबंद करून सांभाळण्याची सेवा चालवीत असत. पासवर्ड चोरणारा मनुष्य खास चिपा बनवून सेकंदास कोट्यवधि अंदाज करूं शकेल, या चिंतेनें त्यांनीं मे २००९ मध्यें ‘स्क्रिप्ट’ नांवाची क्रिया प्रसिद्ध केली. तिची रचना सोपी व मार्मिक आहे. प्रथम हॅशांची एक लांब साखळी करून तिचा प्रत्येक दुवा मेमरींत मांडून ठेवावयाचा; मग त्या मांडणींत उड्या मारीत सुटावयाचें, पण पुढची उडी कोठें हें मागच्या उडीच्या उत्तरावांचून कळावयाचें नाहीं. मेमरी वांचवूं पाहणाऱ्यास हरवलेले दुवे पुन्हां पुन्हां घडवावे लागतात. अशा रीतीनें, चोराच्या चिपेंत गणिताच्या घटकांपेक्षां मेमरीचीच जागा अधिक भरते, आणि मेमरीस पैसे सर्वांनाच सारखे पडतात. पांच सेकंदांचें काम धरलें तर जुन्या ‘बीक्रिप्ट’च्या मानानें ‘स्क्रिप्ट’वरील हल्ला चोरास सुमारें ४००० पट महाग पडेल, असा पर्सिव्हल यांचा तेव्हांचा हिशेब होता.

२०११ सालीं ही क्रिया क्रिप्टोचलनांत आली. प्रथम ‘टेनेब्रिक्स’ नांवाच्या अल्पायुषी नाण्यांत, व ऑक्टोबर महिन्यांत चार्ली ली यांच्या ‘लाइटकॉइन’मध्यें. घरगुती प्रोसेसरांस त्यांचें मत परत मिळवून द्यावें, हा तींत उद्देश होता. परंतु येथें एक अडचण उभी राहिली. पासवर्डाच्या कामीं क्रिया एकदांच करावयाची असते. चलनांत मात्र जगभरच्या प्रत्येक संगणकानें आलेलें प्रत्येक पान तपासावयाचें असतें, आणि ‘स्क्रिप्ट’मध्यें तपासणाऱ्यासहि करणाऱ्याइतकीच मेमरी लागते. कठीण करणें आणि सोपें तपासणें हें जें ड्वर्क व नाओर यांचें मर्म, तें येथें निसटलें. म्हणून मात्रा कमी करण्यांत आली. मनुष्य पडद्यासमोर वाट पाहत बसलेला असतां पर्सिव्हल यांनीं १६ मेगाबाइट मेमरीचें प्रमाण सुचविलें होतें. लाइटकॉइननें घेतलें १२८ किलोबाइट, म्हणजे त्याचा १२८ वा हिस्सा. औषध तेंच, पण पाण्यानें पातळ केलेलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ग्राफिक्स कार्डांनीं तें नाणें लवकरच काबीज केलें, आणि २०१४ सालीं ‘स्क्रिप्ट’साठीं घडविलेलीं खास यंत्रेंहि विक्रीस आलीं.

यानंतरचीं कांहीं वर्षें मात्रा वाढविण्याच्या व तपासणी हलकी ठेवण्याच्या खटपटींत गेलीं, आणि बुद्धिवैभवाच्या दृष्टीनें तीं या इतिहासांतील उत्तम वर्षें होत. एप्रिल २०१४ मध्यें निघालेल्या ‘मोनेरो’नें ‘क्रिप्टोनाइट’ ही क्रिया वापरली. तिला २ मेगाबाइट लागत, कारण साध्या प्रोसेसरच्या अंगच्याच जलद मेमरींत तेवढी जागा असते व ती त्यास आयतीच मिळते. ३० जुलै २०१५ रोजीं सुरू झालेल्या ‘इथिरियम’नें सुमारें एक गिगाबाइटचा आंकड्यांचा कोठा बांधला, व तो दर ३०,००० पानांस आठ मेगाबाइटनें वाढत जावा अशी योजना केली, मायनरास हा सारा कोठा जवळ बाळगावा लागे, परंतु तपासणाऱ्यास प्रारंभीं १६ मेगाबाइटच्या लहानशा बीजावरून हवा तेवढाच भाग उगवून घेतां येत असे. २८ ऑक्टोबर २०१६ रोजीं निघालेल्या ‘झीकॅश’नें लक्झेंबर्ग विद्यापीठांतील अलेक्स बिर्युकोव्ह व दिमित्री खोव्रातोविच यांची ‘इक्विहॅश’ ही पद्धति स्वीकारली. मोठ्या यादींतून एकमेकांशीं जुळणारे आंकडे हुडकून काढण्याचें तें कोडें. सोडवितांना शेंकडों मेगाबाइट लागावीं, पण उत्तर मात्र १३४४ बाइटांत मावावें व लागलेंच पडताळतां यावें, अशी तिची खुबी होती. ड्वर्क-नाओर यांचें मर्म पुन्हां हातीं आलें.

मग आलें २०१८ साल. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत चीनच्या बिटमेन कंपनीनें मोनेरोसाठीं, एप्रिलमध्यें इथिरियमसाठीं, आणि मेमध्यें इक्विहॅशसाठीं खास यंत्र जाहीर केलें. तीन महिन्यांत तिन्ही तटबंद्यांस खिंडार पडलें. तथापि इतिहासकारानें येथें तारतम्य सोडतां कामा नये. बिटकॉइनच्या बाबतींत खास यंत्र हजारों पटींनीं पुढें गेलें होतें. इथिरियमचें खास यंत्र पांच-सहा चांगल्या ग्राफिक्स कार्डांच्या जुडग्याइतकेंच काम करी. स्मृतिभारानें अंतर मिटविलें नाहीं, पण पुष्कळ कमी केलें, एवढें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. असें जर आहे, तर मग प्रयोग फसला असें कां म्हणावें? कारण जेथें नफा स्पर्धेनें काठावर आलेला असतो, तेथें दुपटीचें अंतरहि सामान्य मनुष्यास बाहेर काढण्यास पुरतें. व्यापारांत हरण्यासाठीं हजारपट मागें असावें लागत नाहीं.

या संकटास तिन्ही नाण्यांनीं तीन निराळीं उत्तरें दिलीं, व तींत तीन निराळ्या वृत्ति दिसून येतात. झीकॅशनें खास यंत्रांशीं जुळवून घेतलें. इथिरियममध्यें कोडें बदलण्याविषयीं दीर्घकाळ वाद चालला, परंतु अखेर १५ सप्टेंबर २०२२ रोजीं त्यानें श्रमाचा दाखलाच सोडून दिला. ज्याची ठेव मोठी त्याचा अधिकार मोठा, असा नियम त्यानें उघडपणें पत्करला. त्यामुळें त्याचा विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक घटला हें खरें, पण समतेचा प्रश्न त्यानें सोडविला नाहीं. तो पटलावरून काढून टाकला.

मोनेरोनें मात्र लढण्याचें ठरविलें. ६ एप्रिल २०१८ रोजीं त्याच्या चालकांनीं क्रियेंत थोडा बदल केला. आणि खास यंत्रास एकच विद्या येत असल्यामुळें तीं सर्व यंत्रें एका रात्रींत भंगार झालीं. नेटवर्कची एकंदर शक्ति त्या दिवशीं एकाएकीं घसरली, यावरून तीं किती संख्येनें गुपचूप राबत असावींत तें उघड झालें. पुढें ऑक्टोबर २०१८ व मार्च २०१९ मध्यें पुन्हां बदल करावे लागले. अखेर ३० नोव्हेंबर २०१९ रोजीं ‘रँडमएक्स’ ही नवी पद्धति अंमलांत आली. तिच्यामागील विचार आम्हांस या साऱ्या इतिहासांत अत्यंत चतुर वाटतो. खास यंत्रास अडविण्याऐवजीं तिनें असें कोडें घातलें कीं त्याचें खास यंत्र बांधूं गेल्यास अखेर साधा प्रोसेसरच तयार व्हावा. प्रत्येक हॅशसाठीं आठ नवे यादृच्छिक प्रोग्रॅम रचले जातात व चालविले जातात; त्यांत बेरीज, गुणाकार, अपूर्णांक, पुढें काय येईल याचा तर्क, असें प्रोसेसरचें सारें अंगबळ लागतें; शिवाय २०८० मेगाबाइटचा कोठा मेमरींत बाळगावा लागतो, आणि तपासणाऱ्यास मात्र २५६ मेगाबाइटवर भागवितां येतें. २०२३ सालीं या पद्धतीसाठींहि बिटमेननें यंत्र जाहीर केलें. पण विजेच्या हिशेबानें चांगल्या घरगुती प्रोसेसरांवरील त्याची आघाडी बेताचीच राहिली. गणिताकडून जेवढें मागतां येण्यासारखें होतें तेवढें येथें बहुतेक मिळालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां या यशाची किंमतहि पाहिली पाहिजे. कारण प्रयोगाचा खरा धडा तेथेंच आहे.

पहिली किंमत अशी, कीं जें यंत्र सर्वांचें, तें भाड्यानेंहि सर्वांस मिळतें. २०१७ सालीं बिटकॉइनपासून फुटून ‘बिटकॉइन गोल्ड’ नांवाचें नाणें निघालें. खास यंत्रवाल्यांच्या हातून मायनिंग सोडवावें, हाच त्याचा बाणा. म्हणून त्यानें इक्विहॅश घेतली. मे २०१८ मध्यें कोणीं अज्ञात व्यक्तींनीं तात्पुरती बहुसंख्य शक्ति गोळा करून त्याच्या खतावणीचीं पानें मागें फिरविलीं, व तेंच नाणें दोनदां खर्चून सुमारें १ कोट ८० लाख डॉलरांचा माल लाटला. ज्याच्यापाशीं एकाच नाण्याच्या उपयोगाचें खास यंत्र असतें, त्यास तें नाणें बुडविणें म्हणजे स्वतःचें भांडवल बुडविणें असतें. भाडेकऱ्यास असली कसलीच बांधीलकी नसते. गांवच्या जमीनदारावर राग असणें समजूं शकतें. पण गांवाची वेस उघडी टाकल्यानें लुटारूहि आंत येतात, याचा विसर पडूं देतां कामा नये.

दुसरी किंमत याहून विचित्र आहे. साध्या प्रोसेसरच्या श्रमास मोल आलें, तेव्हां साधा प्रोसेसर चोरण्याजोगाहि झाला. सप्टेंबर २०१७ मध्यें ‘कॉइनहाइव्ह’ नांवाची सेवा निघाली. तिच्या योगें एखादें संकेतस्थळ पाहावयास येणाऱ्याच्या संगणकाकडून, तो तें पान उघडें ठेवी तोंपर्यंत, मोनेरोचें मायनिंग करून घेतां येई. ही युक्ति लवकरच चोरांच्या हातीं गेली. फेब्रुवारी २०१८ मध्यें मजकूर वाचून दाखविणाऱ्या एका सामायिक साधनांत कोणी ही तुकडी घुसविली, व तें साधन वापरणाऱ्या हजारों संकेतस्थळांवर तिचा शिरकाव झाला. नागरिकांच्या खाजगी माहितीचें रक्षण करण्यासाठीं नेमलेल्या ब्रिटिश माहिती-आयुक्तांच्या कचेरीचें संकेतस्थळहि त्यांत सांपडलें. मार्च २०१९ मध्यें ती सेवा बंद झाली. परंतु परक्याच्या यंत्रावर गुपचूप मायनिंग करण्याचा धंदा बंद झालेला नाहीं. गृहस्थाच्या संगणकास मताधिकार द्यावयाचा म्हणून जें कोडें रचलें, त्यानेंच तो संगणक वेठीस धरण्याचें आमिष निर्माण केलें. बिटकॉइनच्या मायनिंगकरितां कोणी आमच्या-तुमच्या घरचा संगणक चोरून वापरीत नाहीं. कारण त्यांत आतां कांहीं मिळकत नाहीं.

तिसरी किंमत अधिकाराची. मोनेरोनें वारंवार कोडें बदलून खास यंत्रें हटविलीं. परंतु बदल करावयाचा तर तो सुचविणारे, तपासणारे व पुढें रेटणारे थोडे जाणते लोक हवेच. ज्या खतावणीस मुनीम नसावा म्हणून एवढा खटाटोप, तिच्या दाराशीं वैद्यमंडळ कायमचें बसलें. तें मंडळ सद्हेतूचें आहे याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण सद्हेतूवर भरंवसा ठेवावा लागूं नये, हीच तर मूळ प्रतिज्ञा होती. शिवाय यंत्रें समान झालीं तरी माणसें संघटित होतातच. ऑगस्ट २०२५ मध्यें ‘क्यूबिक’ नांवाच्या एका संघानें जादा मोबदल्याचें आमिष दाखवून साध्या प्रोसेसरांचेच मायनर एकत्र आणले, व मोनेरोची निम्म्याहून अधिक शक्ति आपल्या हातीं असल्याचा दावा केला. त्या दाव्याविषयीं तज्ज्ञांत मतभेद राहिले. परंतु त्या सुमारास खतावणीचीं सहा पानें एका वेळीं मागें फिरलीं, ही गोष्ट सर्वांनीं पाहिली. खास चिप नव्हती, कोठारहि नव्हतें. होती ती केवळ एका झेंड्याखालीं गोळा केलेली सामान्य शक्ति.

यावर कोणी म्हणेल कीं मग स्मृतिभाराची कल्पनाच पोकळ होती. हा निर्णय अन्यायाचा होईल. २०१७ सालीं जोएल आल्वेन व त्यांच्या चार सहकाऱ्यांनीं गणितानें सिद्ध केलें कीं पर्सिव्हल यांची ‘स्क्रिप्ट’ क्रिया मेमरीची मागणी करण्यांत पराकाष्ठेची कठीण आहे. म्हणजे लाइटकॉइननें ज्या औषधाची मात्रा पातळ केली, तें औषध अस्सल होतें. आणि जेथें त्याचा योग्य उपयोग झाला, तेथें तें आजहि गुणकारी आहे. पासवर्ड सांभाळण्याच्या उत्तम पद्धतीसाठीं जी खुली स्पर्धा झाली, तिच्यांत २०१५ सालीं ‘आरगॉन-२’ ही स्मृतिभाराची क्रिया विजयी ठरली. तिच्या कर्त्यांत बिर्युकोव्ह व खोव्रातोविच हेच दोघे दानिएल दिनू यांच्यासह होते. आपण एखाद्या सेवेचा पासवर्ड लिहून क्षणभर थांबतों, तेव्हां तो क्षण कित्येक ठिकाणीं अशाच क्रियेच्या कामीं आलेला असतो.

एकच युक्ति एका क्षेत्रांत यशस्वी व दुसऱ्यांत निराश करणारी कां ठरावी? आम्हांस याचें कारण असें दिसतें. पासवर्डाच्या कामीं तिच्याकडून मागणी एवढीच होती कीं चोरास चोरी महाग पडावी. चलनाच्या कामीं तिच्याकडून मागितलें गेलें तें असें, कीं माणसें समान व्हावींत. गणित किंमत लादूं शकतें. कारण किंमत ही यंत्राची, विजेची, मेमरीची, म्हणजे मोजतां येणाऱ्या वस्तूंची बाब आहे. समता ही वस्तूंची बाब नव्हे, माणसांमाणसांतील संबंधाची आहे. आणि कोडें घालणारास समोर मनुष्य कधींच दिसत नाहीं, त्याचें यंत्र तेवढें दिसतें. यंत्र समान केलें कीं त्यामागें उभा असलेला भाडेकरी, चोर, संघनायक आणि निजलेला गृहस्थ हे सर्व त्यास एकसारखेच भासतात.

म्हणून १९९२ पासूनच्या या खटपटीकडे आम्ही थट्टेनें पाहत नाहीं. ज्यांनीं ती केली त्यांनीं निदान हा प्रश्न खरा मानला, कीं नव्या साधनांचा लाभ ज्यांच्यापाशीं आधींच बळ आहे त्यांच्याच घरीं कां जावा. त्यांच्या प्रत्येक तटबंदीनें बलवानास कांहीं वर्षें थोपवून धरलें, आणि त्या अवधींत पुष्कळ सामान्य लोकांस त्या व्यवहारांत पाय ठेवतां आला. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु एकदांच बांधून निश्चिंत व्हावें अशी तटबंदी त्यांस सांपडली नाहीं, आणि ती सांपडेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या समाजांत कोणी कोणाला ओळखत नाहीं, त्यास श्रमाचा दाखला मिळूं शकतो, किंमतीचा दाखला मिळूं शकतो. माणुसकीचा दाखला मिळावयाचा तर कोणीतरी कोणाला तरी ओळखलेंच पाहिजे, व त्या ओळखीची जोखीम पत्करली पाहिजे. ती जोखीम टाळण्यासाठीं जगांतील अत्यंत कुशाग्र बुद्धीच्या लोकांनीं तीस वर्षें यत्न केले, आणि त्यांच्याच यत्नांनीं ती टाळतां येत नाहीं हें दाखवून दिलें.